बाबांचं काळीज आणि सुजाताचं शिक्षण

कामरगाव, रविवार, संध्याकाळ

सुजाता, माझी धाकटी बहीण, पुण्याहून आली. हृदयाच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडला की काय होतं, यावर ती संशोधन करते. बाबांना झटका आल्यापासून त्यांच्याजवळ मीच आहे. पण आज ते तिच्याच तोंडाकडे बघत होते.

"पेशीत एक प्रथिन असते, बाबा. एरवी पेशी त्याले लगेच मोडते. ऑक्सिजन कमी पडला का ते टिकते, केंद्रकात जाऊन जनुकं चालू करते. मग कमी ऑक्सिजनवर भागवायची, नव्या रक्तवाहिन्या काढायची तयारी सुरू होते."

"म्हंजे माह्यं काळीज आतून झगडून राह्यलं?" बाबांचे डोळे भरले.

माझ्यासमोर कधी भरले? मला नुसतं, "गोळी दे वं." तिच्या तोंडाकडे मात्र लहान लेकरासारखे बघतात. जळले मी. सख्ख्या बहिणीवर जळावं का? पण जळले.

मी भाकरी थापत होते, तेव्हा सुजाता मागे येऊन हळूच म्हणाली, "ताई, मले नुसत्या पेशी समजतात. त्या दिवशी बाबाले जीपमधी घालून कारंज्याच्या दवाखान्यात तू नेलं, म्हणून वाचले ते."

खरं बोलली. पण हे तिने बाबांसमोर बोलायला हवं होतं.