रॅम्पवरचा निळा ड्रम

अंबाजोगाई, मंगळवार, संध्याकाळ

या सोसायटीत फ्लॅट घेतला तो फक्त रॅम्पसाठी. माझी धाकटी बहीण शकू चाकाच्या खुर्चीत असते. आता दुष्काळात त्याच रॅम्पवर टँकरसाठी नंबर लावलेले ड्रम. उद्या शकूला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचंय. चेअरमनला म्हटलं, ड्रम हटवा.

"बाई, नंबर कसा मोडू? लोक जोड्यानं हाणतील मला."

नंबर मोडायचा नाही, माणूस मोडलं तरी चालेल.

त्यातला निळा ड्रम समोरच्या कमलबाईंचा. त्याही खुर्चीतच असायच्या. छातीत दुखू लागलं तेव्हा हेच ड्रम आडवे आले, आणि बाई दारातच गेल्या. घराला कुलूप आहे. तरी निळा ड्रम रोज पुढे सरकतो. कोण सरकवतं? विचारलं की जो तो आपला नंबर बघायला निघतो.

आज टँकर आला तेव्हा तो पहिला होता. काठोकाठ भरला. पाइप कोणी धरला होता, कुणीच सांगेना. घरोघरी घागरी कोरड्या, पण त्या पाण्याला कोणी शिवत नाही. निळा ड्रम रॅम्पच्या तोंडाशी तसाच उभा आहे.

मी म्हणाले, सकाळी मीच लोटते तो.

शकू खिडकीतून त्याच्याकडेच बघत होती. म्हणाली, "लोट, ताई. पण आधी कमलबाईंना विचार."