दुपारच्या वाचनाची व्यवस्था

ग्रंथ घरात आला तेव्हा त्याची किंमत पहिल्या पानाच्या मागे छापलेली होती आणि दुकानदाराने तीतही थोडी सूट दिली होती. तो खरा कितीला पडला, हे मी आज पहिल्यांदा मांडतो आहे: एक भागीदार, माझ्या बायकोच्या आयुष्यातल्या सगळ्या पहाटा, आणि आजपासून एक मुलगा. सूट वजा जाता.

मी, खाली सही करणारा, धंद्याने विजेच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करणारा, वय एक्क्याऐंशी, दृष्टी काचबिंदूने गेलेली, बुद्धी जागेवर, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने सांगतो आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. गोड बोलून काही काढून घेण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. वकीलसाहेब लिहीत आहेत. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फार प्रेमळ होतो.

कलम पहिले. खाली कारखाना आणि वर राहते घर, ही सगळी माझी स्वतःची कमाई आहे. वडिलांकडून मला एक सदरा आणि उंची मिळाली. शाळा चौथीत सुटली. दुसऱ्याच्या दुकानात मोटारी पुसता पुसता काम शिकलो. मला कोणी शिकवले नाही, मी ऐकले. लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर चालू मोटारीच्या अंगाला टेकवायचा, मुठीला कान लावायचा, आणि बेअरिंग अजून किती दिवस काढील ते सांगायचे. मोटार उघडल्याशिवाय. या कानांवर मी हे घर उभे केले. तेव्हा कोणी वडिलोपार्जित हक्क काढू नये.

कलम दुसरे. वरचे घर सूनबाईच्या एकटीच्या नावे करावे. मुलगा तिथे तिच्या मर्जीने राहील. बँकेतली शिल्लकही तिचीच. तिने मला पथ्याचे खाणे तोंड वाकडे न करता दिले. तोंड वाकडे केले असेल तर मला दिसलेले नाही, त्यामुळे धरलेले नाही.

कलम तिसरे. माझ्या मेहुण्याने लग्नात, मला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने, म्हटले होते की बहीण काळ्या हाताच्या माणसाला दिली, आता आयुष्यभर साबण पुरवा. त्याला माझ्याकडून साबणाची एक पेटी द्यावी. वकीलसाहेब म्हणतात, हे इथे लिहायची गरज नाही. आहे.

कलम चौथे, ग्रंथाविषयी. हे नीट लिहून घ्यावे, कारण भांडण यावरच होणार.

हा ग्रंथ माझ्या बायकोने आणला. ती पहाटे, तेव्हा खालीच असलेल्या स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचायची आणि मी भिंतीपलीकडे कारखान्यात कॉइल गुंडाळत असायचो. मला देवाधर्माचे काही नव्हते. पण हात कामात असला की कान रिकामा असतो. ऐकता ऐकता तो ग्रंथ माझ्यात शिरला, तिने कधी समजावला नाही आणि मी कधी विचारला नाही. एकदा तिला बरे नव्हते म्हणून तिने वाचले नाही, तर त्या दिवशी माझे वेढे चुकले. तेव्हा मला कळले की मी नुसते ऐकत नव्हतो. मी त्या वाचनाबरोबर प्रार्थना करत होतो, फक्त याला प्रार्थना म्हणतात हे मला ठाऊक नव्हते.

त्यात एक भाग सेवकांचा आहे. पाणी भरणारा, दिवा लावणारी, अंगण झाडणारा, दार उघडणारा, अशी एकेकाची नुसती नावे येतात. विद्वान लोक तो भाग पटकन उरकतात. माझी बायको तो सावकाश वाचायची, लग्नाला आलेल्या माहेरच्या माणसांची नावे घ्यावीत तशी, आणि दिवा लावणारीपाशी आली की तिचा आवाज हसायचा. एवढा आनंद मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिला नाही. दागिना केला तेव्हासुद्धा नाही. ती गेल्यावर मी तो भाग काम करताना मनात म्हणू लागलो, आणि डोळे गेल्यावर दिवसभर म्हणू लागलो. मी प्रार्थनेत काही मागत नाही. मागायचे काम गिऱ्हाइकांचे. मी फक्त त्या नावांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहतो. बरे वाटते.

कलम पाचवे. जुन्या भागीदाराविषयी. समोरच्या बाजूला ज्याचे दुकान आहे, तो. आम्ही दोघांनी मिळून हा कारखाना सुरू केला. पुढे त्याने मोटारीत तांब्याच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमची तार भरायला सुरुवात केली. तिच्यावर तांब्याच्या रंगाचा लेप असतो, उघडून पाहिले तरी गिऱ्हाइकाला कळत नाही. मी विचारले तर म्हणाला, लोक स्वस्त मागतात, मग स्वस्त देतो, यात माझे काय चुकले. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून वाचन आले. आत एक आणि बाहेर एक असे ज्याचे असते, त्याने कितीही हात जोडले तरी ते रिकामेच, अशा अर्थाचे. मी हातातले काम ठेवले आणि भागीदारी मोडली. तो समोर गेला आणि निम्मी गिऱ्हाइके घेऊन गेला. आमचे बोलणे बंद झाले, ते केस पांढरे होईपर्यंत. हा ग्रंथाने मला दाखवलेला रस्ता. खड्ड्यांचा होता, पण चुकीचा नव्हता.

कलम सहावे. मुलाविषयी. तो याच ग्रंथावर प्रवचने देतो. नाव झाले आहे, लोक पाया पडतात. मी त्याला घरात ‘माईक’ म्हणतो, कारण मंचावर तो गरजतो आणि घरात ओठातल्या ओठात पुटपुटतो. माझी दृष्टी गेल्यावर त्याने आपण होऊन सांगितले की दुपारी मी वाचून दाखवीन. मला आनंद झाला होता. ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे मी पहिल्यापासून त्याच्या वाईटावर होतो असे कोणी म्हणू नये.

तो खाली पुढच्या खोलीत माझ्या डाव्या हाताला, त्याच्या आईच्या खुर्चीत बसायचा. उजवीकडे खिडकी आहे, तिथून रस्त्याची वर्दळ येते. काही दिवस ठीक गेले. मग माझ्या लक्षात येऊ लागले की मधली वाक्ये येत नाहीत. कथा एका ठिकाणाहून उडी मारून दुसरीकडे जाते. मग एक दिवस सेवकांचा भाग आला. पाणी भरणारा आला, अंगण झाडणारा आला. मधली ती आलीच नाही.

मी म्हणालो, “दिवा लावणारी कुठे गेली?”

“आली की बाबा. आत्ताच वाचली.”

“मग मला का ऐकू आली नाही?”

तो म्हणाला, “ते मी कसं सांगू? जरा मोठ्यानं वाचू का?”

मी म्हणालो, “तुझा मंच तुझ्याकडे ठेव. देव बहिरा नाही आणि मीही नाही. तुझ्या आईचं लाडकं नाव गाळलंस तू त्यातून.”

त्याने ग्रंथ मिटला. पुढे म्हणाला की मी एक अक्षर गाळलेले नाही, आईची शपथ. मी त्याला सांगितले की शपथ मंचावर घे, तिथे टाळ्या पडतील. तो उठून गेला आणि वाचायला पुन्हा आला नाही. रोज येतो, औषध देतो, पाय चेपतो, पण ग्रंथाला हात लावत नाही. मीही वाच म्हटलेले नाही. ज्याने हजार लोकांना या ग्रंथाचा अर्थ सांगितला त्याला स्वतःच्या बापासाठी तो अख्खा वाचवत नाही, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरलेली नाही आणि आता उतरायला वेळही नाही.

कलम सातवे. त्यानंतर ग्रंथ बंदच पडला. मी पाठ असलेले म्हणत बसायचो, पण स्वतःच म्हटले की स्वतःच्या सोयीचे तेवढे आठवते. अशात जुना भागीदार आला. लोखंड कातायचा लेथ विकायचा आहे का हे विचारायला आला होता, आणि न विकण्याचे मी ठरवलेले होतेच. मी पुटपुटत होतो ते त्याने ऐकले. म्हणाला, “काय रे, वाचायला कोणी नाही का? आण इकडे.”

मी म्हणालो, “तुझा कुठे विश्वास आहे?”

“विश्वास नाही. छापलंय ते वाचतो. तुला चालत असेल तर ऐक, नाहीतर लेथ दे.”

त्याला बायकोची खुर्ची पुढे केली तर म्हणाला, वहिनींच्या खुर्चीत मी बसणार नाही. तिने कधीकाळी त्याला जेवायला वाढलेले आहे. तो उजवीकडे, खिडकीखाली, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसला आणि आमच्या धंद्यातल्या माणसांचा असतो तशा ओरडक्या आवाजात, विजेचे बिल वाचावे तसा वाचू लागला. चढ नाही, उतार नाही. रस्त्यावरचे लोक खिडकीतून डोकावतात. पण एक शब्द सुटत नाही. सेवकांचा भाग आला आणि दिवा लावणारी आली, ठणठणीत, आणि मी इतका हसलो की त्याने वाचन थांबवून विचारले, “काय झालं? चुकलो का?” म्हटले, नाही, पुढे वाच.

ज्याने मोटारीत तांब्याच्या जागी दुसरे भरले त्याने ग्रंथातले काही बदलले नाही. मला याचा अर्थ लागलेला नाही. आम्ही रोज वाचतो, रोज भांडतो, आणि तो गेल्यावर मला दिवस पुरतो.

कलम आठवे, म्हणजे व्यवस्था. कारखाना आणि त्यातली हत्यारे, लेथसकट, भागीदाराला द्यावीत. मुलाने पुढच्या खोलीत प्रवचनाचे सभागृह करायचे योजले आहे, नकाशा काढला आहे. तो नकाशा त्याचा त्याला परत करावा. पुढच्या खोलीत दुपारचे वाचन भागीदाराने आपल्या हयातीत चालू ठेवावे. ऐकायला कोणी असो वा नसो. त्याच्यामागे कोणी वाचावे, ते त्याने ठरवावे.

ग्रंथ भागीदाराला द्यावा.

मागच्या आठवड्यात मुलगा माझ्याजवळ बसून म्हणाला, “बाबा, मला घर नको, कारखाना नको. आईचा ग्रंथ तेवढा द्या.” मला त्याचा हात हातात हवा होता हेही खरे आहे. पण उद्या तो ग्रंथ मंचावर फुलांमध्ये ठेवला जाईल आणि कोणी उघडणार नाही. म्हणून नाही म्हणालो. वकीलसाहेबांनी विचारले, हे कलम मऊ करायचे का. करायचे नाही.

मुलाला मी दुरुस्त करून दिलेला ध्वनिक्षेपक आणि त्याच्या आईची खुर्ची द्यावी. तीत बसून, आपण काय गाळले, याचा त्याने विचार करावा.

कलम नववे. माझ्यामागे कोणी मोठे बोलू नये. भागीदाराने सेवकांचा भाग एकदा वाचावा आणि लोकांनी घरी जावे.

हे सगळे मला वाचून दाखवले, मी ऐकले, समजले आणि मान्य केले.

स्थळ: कारखान्याची पुढची खोली.
दिनांक: चौदा, शुक्रवार, सकाळ.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: (वकिलांनी बोट ठेवून दाखवलेल्या जागी, स्वहस्ते)

साक्षीदार पहिला: गल्लीच्या टोकाचा शिंपी. मृत्युपत्रकर्त्याने माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: घरचे डॉक्टर. मृत्युपत्रकर्त्याने माझ्यासमोर सही केली. मी त्यांना आज तपासले. ते पूर्ण शुद्धीत असून आपण काय करतो आहोत हे त्यांना समजते. मृत्युपत्र त्यांना उजव्या बाजूला बसून मोठ्याने वाचून दाखवण्यात आले, कारण गेली तीन वर्षे त्यांना डाव्या कानाने काहीही ऐकू येत नाही. (सही)