शेजारणीच्या चार ओळी

सर,

तुमच्या माघारी तुमचं पुस्तक येतंय. सोमवारी फाइल छापायला जाणार, हे आज सकाळी तुमच्या मुलीनेच फोनवर पक्कं सांगितलं. ती इथे अमेरिकेत, अर्विंगलाच असते, माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या ड्राइव्हवर. दोन्ही कवितासंग्रह त्यात आहेत, आणि शेवटच्या पानावर 'शेजारीण'. "काका, लोकांना बाबांची हीच आठवते आणि बाबांनी हीच संग्रहात घेतली नाही. जुन्या कात्रणावरून टाइप केलीय. इथेच संपते ना?" मी म्हणालो, "हो, इथेच." मागून तिचा मुलगा ओरडला, "मॉम, वी आर लेट!" आणि तिने फोन ठेवला.

आठवतं, सर? वर्तमानपत्रात लागून मला तीन महिने झालेत. रविवारची पुरवणी तुमच्याकडे. सिंध सोडून आलेल्या घरातले, निर्वासितांच्या छावणीत वाढलेले तुम्ही, घरी सिंधी बोलता आणि कविता मराठीत लिहिता. ऐनवेळी मोठी जाहिरात येते. तुम्ही जेवायला गेला आहात. जागा कमी पडली की बातमी शेवटाकडून कापायची, हे तुम्हीच शिकवलेलं. मी तुमची कविताही शेवटाकडून कापतो. चार ओळी. रविवारी छापून येतं की गल्लीत दंगल शिरली आणि मुसलमान शेजारणीने दार लावून घेतलं. संपलं. कापलेल्या ओळींत एवढंच होतं की तुम्ही सगळे त्या दाराच्या आत होतात, तिच्या धान्याच्या कोठीमागे, आणि आईचा हात तुमच्या तोंडावर होता.

सोमवारी संपादक खूश होते. "काय शेवट केलाय! असाच होता?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझी नोकरी अजून कच्ची होती. "असाच होता," म्हणालात. मग खाली चहाच्या गाडीवर मला म्हणालात, "अरे बाबा, बातमीची शेपटी कापतात. तू माझ्या शेजारणीचं मुंडकंच उडवलंस. आता नोकरी पक्की झाली की तूच पूर्ण छाप. कापलीस तू, जोडायचीही तूच."

नोकरी पक्की झाली. तुम्ही एकदा आठवण केलीत, तेव्हा मी हसून म्हणालो, "कवितेची दुरुस्ती कोण छापतं, सर? लोकांना आवडलीय की!" पुन्हा तुम्ही विषय काढला नाहीत. ती कविता मात्र भाषणांत फिरत राहिली. एका सत्कारात वक्त्याने ती म्हणून दाखवली आणि म्हणाला, बघा, या लोकांनी कशी दारं लावली. तुम्ही शाल खुर्चीवर ठेवून मंचावरून उतरलात. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठलो नाही.

तुमच्या अक्षरातला तो कागद, माझ्या लाल पेनाच्या रेघेसकट, मी इकडे येताना पासपोर्टच्या पाकिटात घालून आणला. आज काढून टेबलावर ठेवलाय. चार ओळी नीट वाचता येतात. आजवर तो कुणाला का दाखवला नाही, हे तुम्हाला तरी सांगायला हवं. टाळ्या पडायच्या तेव्हा मला आत कुठेतरी वाटायचं, हा शेवट माझा आहे.

उद्या दहाला ती शेवटचं प्रूफ घेऊन येईल. चहा होईल. मग ती कागद वाचेल, आणि सकाळी मी "हो" का म्हणालो, ते विचारेल.