आमच्या करवतीचा उगाच उडणारा ब्रेक

३ मार्च, सोमवार
आज टेबल सॉ आली, म्हणजे टेबलाच्या फटीतून पातं वर येणारी विजेची करवत. गाडी गॅरेजबाहेर, मशीन आत. संकल्प: महिनाअखेर सहा माणसांचं जेवणाचं टेबल, स्वहस्ते. जुनं टेबल सकाळीच समोरच्या शिकवणीवाल्या बाईंना देऊन टाकलं. आमची ही म्हणाली, नवं झाल्यावर जुनं द्यायची रीत आहे. मी म्हटलं, परतीचे दोर कापल्याशिवाय गड सर होत नाही. ती म्हणाली, दोर कापायला एवढं मोठं यंत्र लागत नाही.

मशीनला सेफ्टी ब्रेक आहे. तो माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी. सासरे आमच्याकडेच राहतात. जन्मभर सुतारकी केली आणि उजव्या हाताची दोन बोटं करवतीला देऊन बसले. ते त्यावर विनोद करतात (हिशेब आठापर्यंतच येतो म्हणतात), पण हिचं बालपण वडिलांच्या शर्टाची बटणं लावण्यात गेलं. त्यामुळे अटी. ब्रेक कायम चालू. तो बंद करायची किल्ली हिच्याकडे. आणि ज्या दिवशी माझं बोट पात्याला लागेल त्या दिवशी मशीन घराबाहेर.

तिन्ही अटी तत्काळ मान्य केल्या. कॉलेजात वीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसाचं बोट पात्याला लागेलच कशाला?

४ मार्च
मॅन्युअल जाडजूड आहे. न्यायशास्त्र पचवलेल्या माणसाला ते शब्दशः वाचायची गरज नाही. चित्रं पाहिली. तत्त्व सोपं: पात्यातून अगदी बारीक वीज खेळती असते. माणसाचं बोट लागलं की ती वीज अंगात ओढली जाते, मशीनला कळतं, आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा फिरत्या पात्यात घुसतो. पातं पापणी लवायच्या आत थांबतं आणि टेबलाखाली गडप होतं. मग ठोकळ्याची कार्ट्रिज आणि पातं, दोन्ही भंगारात. बोट तेवढं आपल्याजवळ.

सुंदर. करुणा आणि यंत्र यांचा संगम. सासऱ्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, आमच्या वेळी ब्रेक म्हणजे ओरडणं.

जेवण तूर्तास इस्त्रीच्या टेबलावर.

६ मार्च, दुपार
पहिलाच काप. बंदुकीच्या गोळीसारखा आवाज. पातं गायब.

ब्रेक उडाला. बोटं माझी सगळी जागेवर, मी दोनदा पाहिली. झालं एवढंच की सरळ रेषेसाठी ॲल्युमिनियमची पट्टी फळीला चिकटवली होती, ती पात्याला किंचित लागली. पट्टी म्हणजे बोट, असं मशीनला वाटलं. याला आमच्यात रज्जुसर्प म्हणतात: दोरी दिसते, साप समजून माणूस उडी मारतो. दोष दोरीचा नाही. दोष पाहणाऱ्याचा.

ही धावत आली. आधी माझे हात पाहिले, मग मशीन. म्हटलं, खोटा ब्रेक आहे. ती चहा टाकायला गेली. चहात साखर नव्हती.

७ मार्च
हत्यारांच्या दुकानात गेलो. नवी कार्ट्रिज, नवं पातं. दुकानदाराने विचारलं, बोट वाचलं का? म्हटलं, बोटाचा संबंधच नव्हता. तो म्हणाला, मग पट्टी असणार, पहिल्यांदा सगळ्यांची पट्टीच असते. मला हे ‘सगळ्यांची’ आवडलं नाही.

९ मार्च, रविवार
स्वच्छतेपासून सुरुवात करायचं ठरवलं. लाकडाच्या फळ्या वखारीतून आल्या तेव्हा धुळीने माखलेल्या होत्या. धूळ पात्याला वाईट. म्हणून सकाळी बागेतल्या पाइपने सगळ्या फळ्या स्वच्छ धुऊन घेतल्या. दोन्ही बाजूंनी. लेक बाल्कनीतून बघत होती. ओरडली, बाबा, शॅम्पू देऊ का? या पिढीला शुचिर्भूतता म्हणजे काय ते कळायचं नाही.

सासरे खुर्चीवरून उठून आत निघून गेले. ऊन लागत असावं.

१० मार्च
पुन्हा उडाला.

फळी वरून कोरडी होती. आतून ओली निघाली. ओल्या लाकडातून वीज जाते, आणि मशीनला वाटलं, बोट. मशीनला सगळं बोटच वाटतं. एखाद्याला एकदा लग्नात फसवलं की तो प्रत्येक मांडवाला घाबरतो, तसं.

सासऱ्यांना विचारलं, काल बोलला का नाहीत? ते म्हणाले, जावयाला आंघोळ घालताना मध्ये बोलू नये, लाकडाला घालतानाही नाही.

११ मार्च
दुकानदाराने मी दारात दिसताच कार्ट्रिज काउंटरवर काढून ठेवली. याला आपलेपणा म्हणावं की अपमान, ठरवत होतो. तेवढ्यात त्याने पातंही काढून ठेवलं. अपमानच.

१४ मार्च
फळ्या सुकवण्याची मोहीम. पंखा, हीटर, आणि लेकीचा हेअर ड्रायर. ड्रायर जळाला. लेक ओल्या केसांनी परीक्षेला गेली. जाताना म्हणाली, बाबा, तुमच्या फळ्यांचे केस माझ्यापेक्षा छान झालेत.

आता फळ्या अत्यंत कोरड्या. काही थोड्या वाकल्या आहेत. वाकलेल्या फळीचं टेबल दिसायला अधिक जिवंत असतं असं कुठेतरी वाचलं होतं. नसेल तर आता मी लिहितो आहे.

इस्त्रीच्या टेबलावर आज डाळीचं भांडं सरकलं आणि हिच्या साडीवर सांडलं. ही शांतपणे म्हणाली, इस्त्री नको, आधी धुवावी लागेल. मी हसलो. ती हसत नव्हती.

१७ मार्च
काप सरळ, गोड आवाज, भुसा सोन्यासारखा. एक, दोन, तीन फळ्या. डोळ्यांत पाणी आलं. चौथीला उडाला.

फळीच्या टोकाला वखारीचं लेबल पिन मारून लावलेलं होतं. लेबल मी काढलं होतं. पिन राहिली. एवढीशी, डासाच्या पायाएवढी. तेवढ्यासाठी पातं, कार्ट्रिज, माझा पूर्वाह्न आणि हिचा रक्तदाब. तो मोजायचं यंत्र तिने हल्ली गॅरेजच्या दारातच ठेवलंय.

तीन ब्रेक, तिन्ही खोटे. हा विनोद नव्हे, हा छळ आहे. साप दिसलाच नाही आणि मी तीनदा उडी मारली.

१९ मार्च
मॅन्युअलमध्ये (चित्रांच्या पुढे) सापडलं: किल्लीने ब्रेक बंद ठेवून एखादा तुकडा कापला, तर हे लाकूड ब्रेक उडवणारं होतं का, ते मशीन दिवा लावून सांगतं. चाचणीसाठी हिच्याकडे किल्ली मागितली. ती किल्ली घेऊन स्वतः आली आणि ती नि सासरे, बापलेक दोघंही दारात उभे राहिले, जणू मी तोफ डागणार होतो. तुकडा कापला. दिवा लागला नाही. लाकूड निर्दोष!

मी दोघांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. हिने किल्ली काढून पदराला बांधली.

२२ मार्च, शनिवार, सकाळ
आता युक्तिवाद साधा आहे. लाकूड कोरडं, पिना काढल्या, पट्टी लाकडी घेतली. ब्रेक उडण्याचं कारणच उरलेलं नाही. ज्याला कारण नाही त्याला कार्यही नाही. मग तो चालू ठेवायचा कशाला? मध्येच खोटा उडाला तर चांगलं पातं जाईल, आणि टेबल या जन्मी होणार नाही. फक्त आजच्या दिवसापुरती किल्ली दे, असं हिला म्हटलं. शांतपणे, दृष्टान्तांसह.

ती थकलेली दिसली. इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पदराची गाठ सोडली. किल्ली हातात घेतली. हात अर्धा पुढे आला होता. मग कुणास ठाऊक काय झालं, गाठ पुन्हा मारली आणि स्वयंपाकघरात गेली.

वीस वर्षं शिकवतो आहे. एवढा चांगला युक्तिवाद वर्गात कधी झाला नव्हता. वाया गेला. उद्या पुन्हा मागेन.

२२ मार्च, दुपार
ब्रेक उडाला. पुन्हा खोटा.

यावेळी मात्र मशीनचा दोष सिद्ध झाला. अरुंद पट्ट्या कापत होतो. लाकूड ओलं नव्हतं. पिन नव्हती. धातूची पट्टी नव्हती. एकेक शक्यता वजा करत गेलं की जी उरते तीच खरी, याला परिशेषानुमान म्हणतात. उरलं काय? मशीन.

डाव्या अंगठ्याला एक ओरखडा आहे. कुसळाचा.

सासरे आले. हिच्यासारखं आधी काही पाहिलं नाही. खुर्चीत बसले आणि विचारलं, कोणतं? मी म्हटलं, कोणतं म्हणजे? ब्रेक खोटा आहे, कुसळ लागलंय थोडं. अंगठा खिशात घातला. ते बराच वेळ भुसा चपलेने सारखा करत राहिले. मग म्हणाले, मलाही पहिल्या क्षणी कुसळच वाटलं होतं.

त्यांच्या कानाची तपासणी करून घ्यायला हवी. प्रश्न एक असतो, ते उत्तर भलतंच देतात.

हिला सांगितलं, चौथा खोटा. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. बँडेड उजव्या हाताने लावलं होतं, व्यवस्थित दिसत होतं.

२४ मार्च
कंपनीला दणदणीत तक्रार. चारही उडालेल्या कार्ट्रिज पुरावा म्हणून खोक्यात भरून दुकानदाराकडे दिल्या. तो म्हणाला, कंपनी कार्ट्रिज उघडून ब्रेक कशाने उडाला ते वाचते, आत नोंद असते. उत्तम! म्हटलं, त्यांनाही कळू दे. तो आणखी म्हणाला, बोटाने उडाला असेल तर नवी कार्ट्रिज फुकट देतात, तुमचं बोट लागलं होतं का?

किती सहज विचारतात लोक. म्हटलं, बोटाचा प्रश्नच नाही. फुकट काही नको. न्याय हवाय.

घरी येताना अंगठा ठणकत होता. कुसळ खोल असावं.

२६ मार्च
हिने दोनदा विचारलं, डाव्या हाताने कप का नाही धरत? म्हटलं, उजव्या हाताला सराव हवा. नंतर मला वाटलं, मी उजवाच आहे.

झोप नीट लागत नाही. आवाज ऐकू येतो, तो धाडकन आवाज, आणि त्याच्या अगोदरचं काहीतरी. अगोदर काहीच नव्हतं. पट्टी अरुंद होती, मी ढकलकाठी (बोटांऐवजी पट्टी पुढे सारायची काठी) आणायला विसरलो होतो, एवढंच. सर्दीचा परिणाम असेल. सर्दी नाही, पण होईल.

३१ मार्च, सोमवार
कॉलेजातून आलो तर ही सोफ्यावर बसलेली. दिवा लावला नव्हता. माझा मोबाइल सकाळी घरी राहिला होता.

कंपनीतून फोन आला होता. एका मुलीचा, फार आनंदी आवाजात, असं ही म्हणाली. त्या मुलीने आधी हिचं अभिनंदन केलं. मग सांगितलं की पहिली कार्ट्रिज धातूने उडाली, दुसरी ओल्या लाकडाने, तिसरी धातूने. मॅन्युअल नीट वाचा म्हणून साहेबांना सांगा. आणि चौथी त्वचेने. चौथीच्या जागी नवी फुकट पाठवतो आहोत. साहेबांचं बोट कसं आहे?

मी सांगायला सुरुवात केली की नोंदयंत्राचाही भ्रम होऊ शकतो, प्रत्यक्षालाही दोष असतात, शिवाय कुसळ हे त्वचेच्या...

तिने माझा डावा हात ओढून घेतला आणि बँडेड काढलं. खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं. ओरखडा सरळ होता. रेघ मारल्यासारखा. कुसळ असं सरळ जात नाही, हे मलाही दिसत होतं. आठवडाभर दिसत होतं.

मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, मी देणार होते. किल्ली. त्या सकाळी. गाठ सोडली होती मी.

मग रडली. अटीबद्दल, मशीनबद्दल, टेबलाबद्दल एक शब्दही नाही. तेवढंच पुन्हा पुन्हा, मी देणार होते, मी देणार होते. सासरे आतून आले, दारात थांबले आणि परत गेले. तिच्या हातात माझा हात होता, तो तसाच राहू दिला.

२ एप्रिल
अटीप्रमाणे मशीन घराबाहेर जायला हवं. दुकानदार घ्यायला तयार नाही. म्हणाला, त्याच्या गिऱ्हाइकांना या मशीनचा इतिहास माहीत आहे. तो मीच सांगितला होता, न्यायासाठी.

६ एप्रिल, रविवार
सासऱ्यांनी पातं काढलं. मोटरची वायर काढली. जिथून पातं वर येतं तिथे लाकडाचा तुकडा घट्ट बसवला. ही आणि लेक दोघींनी मशीन ढकलत आणून जेवणघरात मधोमध उभं केलं आणि त्यावर चादर अंथरली. फुकटची कार्ट्रिज आली होती, तिच्या खोक्याचा लेकीने चमचे ठेवायला डबा केला.

सहा माणसं बसतात. ओतीव लोखंड आहे, डाळीचं भांडं सरकत नाही. खुर्च्यांच्या मानाने फार उंच आहे, ताट हनुवटीपाशी येतं. लेक म्हणते, बाबा, तुम्ही म्हणालात तसं महिन्यात टेबल झालं. मी म्हटलं, सहा दिवस उशीर झाला.

वाढताना ही आधी माझ्या हातांकडे पाहते आणि मग पळी उचलते. रोज. मी दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना पालथे ठेवून बसतो, तिचं पाहून होईपर्यंत.