निळा ई आणि अंकुरची शाल

५ जुलै २००९, रविवार
धारहून ताईचा फोन. आमच्या मावसभावाने, अंकुरने, तिथल्या महाराष्ट्र समाजाची वेबसाइट केली म्हणे. 'किती छान' तीनदा म्हणाली. मला हेवा वाटत नाही. फक्त दिवसभर उघडून पाहिली. मांडूचे फोटो, सरकती अक्षरं. सवंग.
इथे देवासच्या समाजालाही साइट हवी आहे. करणाऱ्याला गणपती बसतील त्या दिवशी स्टेजवर शाल-श्रीफळ. मी लगेच हो म्हणालो. अध्यक्ष मानसिंगराव म्हणाले, अंकुरलाही सांगितलंय, त्या दिवशी दोघांचं पाहू. पोटात आग पडली. ॲसिडिटी असावी.

१२ जुलै
हत्यार सापडलं. मीडिया क्वेरी. स्क्रीनचं रेझोल्यूशन पानच ओळखतं आणि तसं सजतं. लहान मॉनिटरवर एक रकाना, मोठ्यावर तीन. नव्या फायरफॉक्सला हे कळतं. अंकुरला नावही माहीत नसेल. उद्यापासून पहाटे उठून काम.

१३ जुलै, सकाळी ९
उद्यापासून.

२ ऑगस्ट
जमलं. विंडोचा कोपरा ओढला की तीन रकान्यांचा एक होतो. बायकोला, देवश्रीला, अर्धा तास ओढून दाखवलं. तिने विचारलं, लोक कोपरा कशाला ओढत बसतील? तिला टेक्निकल गोष्टींत गती नाही. मग तिने अंकुरची साइट उघडली. मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

९ ऑगस्ट
समाजाच्या ऑफिसात जुना इंटरनेट एक्सप्लोरर. त्याला माझं काही कळेना. रंग नाही, रकाने नाहीत, पांढऱ्यावर काळी अक्षरं एकाखाली एक. शिपाई शालिग्राम मागून म्हणाला, "भिया, ये तो पर्चा दिख रिया है." माझ्या साइटला हँडबिल म्हणतो.
दोष ब्राउझरचा. पण मानसिंगरावांच्या लेखी इंटरनेट म्हणजे एक्सप्लोररचा निळा ई, दुसऱ्या कशावर ते क्लिक करत नाहीत. म्हणून फायरफॉक्स टाकला आणि त्यालाच निळ्या ईचं चित्र लावलं. कधीकधी मला माझीच भीती वाटते.

२३ ऑगस्ट, गणेश चतुर्थी, सकाळी
नवा झब्बा. शाल कशी दिसेल ते टॉवेल घेऊन आरशात पाहिलं.

संध्याकाळी
ऑफिसच्या कॉम्प्युटरला प्रोजेक्टर जोडता येईना. अंकुरने आपला लॅपटॉप दिला. मानसिंगरावांनी निळा ई उघडला. खरा. पहिली पाळी माझ्या साइटची, कोणाची ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर पर्चा. मी उठून मोठ्याने म्हणालो, "हे माझं नाही. अंकुरचं असेल."
पहिल्या रांगेतून जमुनाबाई आजी म्हणाल्या, "मग हेच घ्या हो. कुठल्या दिवशी कोणाची आरती, बिनचष्म्याचं वाचता येतंय."
टाळ्या. दुसरी साइट कोणी पाहिलीच नाही. अंकुर नाही नाही म्हणत होता. मानसिंगरावांना तो विनय वाटला, त्यांनी शाल घातलीच. धारहून खास आलेल्या ताईच्या डोळ्यांत पाणी.
निघताना अंकुरने नारळ माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "दादा, माझं तर उघडलंच नव्हतं."

२४ ऑगस्ट
मानसिंगरावांचा फोन. अंकुर धारला परत गेलाय, तर साइटच्या खाली त्याचं नाव तेवढं तू घालून दे.
घातलं. सगळ्या ब्राउझरांत नीट दिसतं.