पाय बांधून पोहायला लावल्याच्या तक्रारीवर सुनावणी न घेणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शारीरिक शिक्षण व क्रीडा विभाग,
नगर प्रशासन, सारी-ताल,
इसिक-कुल प्रांत.

विषय : 'चबाक' बाल जलतरण क्लबच्या प्रशिक्षिका श्रीमती सेझिम अब्दिकालिकोवा यांना कामावरून कमी करण्यासाठी येत्या शुक्रवारी ठेवलेली सुनावणी न घेणेबाबत.

संदर्भ : १) क्लबातील मुलांच्या आज्यांनी सप्टेंबरात केलेली संयुक्त तक्रार.
२) आपले त्यावरील पत्र, जे आम्हाला वेळेत मिळाले. त्याबद्दलचे आश्चर्य स्वतंत्रपणे व्यक्त करू.

महोदय,

१. मी एर्मेक जुमालिएव, वरील क्लबच्या पालक समितीचा अध्यक्ष. माझी मुलगी बेगायिम या क्लबात पोहते आणि माझी आई कालिचा अपा हिची सही वरील तक्रारीवर सगळ्यांत वर आहे. सबब, दोन्ही पक्ष माझ्याच घरी जेवतात, हे सुरुवातीलाच नमूद करणे उचित होईल.

२. क्लबात प्रशिक्षक दोन. थोरले तोक्तोराली-अके, म्हणजे साऱ्या तलावाचे दादा. त्यांचे वडील शर्यतीचे घोडे तयार करीत. अके पोहायला सैन्यात शिकले, पण शिकवायला वडिलांकडून शिकले. स्टॉपवॉच ते खिशात ठेवतात आणि पोराच्या नाकपुड्या बघतात. घोडा तयार झाला की नाही हे घामावरून कळते. पोहणाऱ्या मुलाचा घाम मात्र पाण्यात जातो, ही या खेळातील मूलभूत त्रुटी आहे, असे त्यांचे मत असून ते त्यांनी आपल्या विभागास पूर्वी लेखी कळवलेले आहे. त्यावर उपाय म्हणून स्पर्धेच्या आठवड्यात ते मुलांना पहाटे जाड कोट घालून तलावाच्या इमारतीभोवती चालवतात, नंतर कानामागे बोट लावून बघतात आणि त्या दिवशी कोणाला पाण्यात सोडायचे ते ठरवतात. रात्रीचे जेवणही तेच सांगतात. बहुधा कमीच सांगतात. मागच्या पालक सभेत त्यांनी सर्वांसमक्ष मला सांगितले, "तुझी पोरगी चांगल्या रक्ताची आहे, एर्मेक. पण अजून शिंगरू आहे. दोन उन्हाळे पळवू नकोस तिला." चांगले रक्त आईकडचे की बापाकडचे, हे त्यांनी स्पष्ट न केल्याने आमच्या घरी तो विषय अद्याप निकाली निघालेला नाही.

३. धाकट्या श्रीमती सेझिम. राजधानीतील क्रीडा संस्थेत शिकून दोन वर्षांपूर्वी आल्या. मुले त्यांना ताई या अर्थी सेझिम-एजे म्हणतात. अके मुलाला अख्खे बघतात, तर एजे सुटे करून बघतात : कोपर वेगळे, मनगट वेगळे, कंबर वेगळी. पाण्याखाली कॅमेरा धरून त्या मुलाला त्याचेच कोपर दाखवतात आणि विचारतात, "हे असं लोंबकळतंय ते कुणाचं आहे?" मूल लाजून म्हणते, माझे. मग दोघे मिळून कोपर सुधारतात. दोन्ही पद्धतींचा एकाच काठावर संसार चालतो, तेव्हा भांडीही वाजतात. एकदा एजे म्हणाल्या, "अके, हे पोर आहे हो, घोडा नाही." अके म्हणाले, "माहितीये मला. घोडा असता तर एव्हाना पोहला असता."

४. आता तक्रारीचे मूळ. नुसत्या हातांची ताकद वाढावी म्हणून सेझिम-एजे मुलांच्या घोट्यांना ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली रबरी कडी अडकवतात. पाय स्वस्थ राहतात, सगळे काम हातांना पडते. उथळ भागात, पाचदहा मिनिटे, आणि स्वतः एजे पाण्यात उभ्या. जगभर असे करतात, असे त्या म्हणतात. जगभरातल्या आज्या त्या वेळी कुठे असतात, हे त्यांनी तपासलेले नव्हते.

५. सप्टेंबरातील एका शनिवारी आमच्याकडील आज्या लग्नाच्या जेवणावरून परस्पर तलावावर आल्या. हातांत उरलेल्या मांसाच्या आणि तळलेल्या बोरसोकच्या पिशव्या होत्या. नातवंडांना गरम गरम द्यावे एवढाच हेतू. आत येऊन बघतात तो बारा पोरे पाय बांधून पाण्यात उतरत आहेत. आपणांस सांगायला नको, पण कागदावर असावे म्हणून लिहितो : आपल्यात मूल पहिले पाऊल टाकू लागले की त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात, गावातली पोरे शर्यत लावतात, आणि जो पहिला येतो तो दोरा कापतो. मग मुलाची वाट मोकळी झाली. एकदा कापलेला दोरा पुन्हा कोणी बांधत नाही.

माझ्या आईने मांसाचा चाकू पिशवीतून काढला आणि ती बुटांसकट पायऱ्या उतरली. त्या वेळचे संभाषण मी उपस्थित असल्याने जसेच्या तसे देत आहे.

"अगं ए पोरी, हिचा दोरा मी सगळ्या गल्लीला जेवू घालून कापून घेतलाय. आणि तू परत बांधतेस?"

"अपा, हा दोरा नाही, रबर आहे. दहा मिनिटांत काढते."

"अपशकुनाला दहा मिनिटं लागत नाहीत."

असे म्हणून तिने बेगायिमच्या पायातील कडी कापली. तेवढ्यात त्या आज्यांपैकी शारिपा अपांच्या लक्षात आले की शर्यतीशिवाय कापलेला दोरा लागू होत नाही. मग सर्व आज्यांनी पोरांना पाण्याबाहेर काढून ओल्या फरशीवर रांगेत उभे केले. काठावर पळू नये अशी मोठी पाटी तिथे आहे. आज्यांनी तिच्यावर कोट टांगले होते. सेझिम-एजे शिट्टी वाजवत राहिल्या. तोक्तोराली-अकेंनी त्यांना आवरायला मदत करावी अशी अपेक्षा होती, परंतु शर्यत दिसली की त्यांच्याने राहवत नाही. त्यांनी हात वर केला आणि "सोडा" म्हणाले.

६. तक्रार त्याच संध्याकाळी लिहिली गेली. लिहून देणारा शारिपा अपांचा भाचा कायद्याचा विद्यार्थी आहे आणि त्याला पहिल्यांदाच काम मिळाले होते. त्यामुळे घोट्यातली कडी 'हातपाय बांधून' झाली, उथळ पाणी 'अथांग' झाले आणि सेझिम-एजे 'राजधानीतून पाठवलेली सदर महिला' झाल्या. आज्यांनी मजकूर ऐकला, रडल्या आणि सह्या केल्या.

७. यानंतर जे घडले ते तक्रारीत नाही, कारण ते नंतर घडले. आज्या रोज येऊ लागल्या. सेझिम-एजे कडी अडकवीत, आज्या कापीत. शहरातल्या जुन्या ट्यूबा संपत आल्या. अखेर माझ्या आईने काठावर, लेनच्या टोकाशी उशी टाकली आणि पोरांना बजावले, "उगाच नाही कापणार मी. जो आधी येईल त्याचंच आधी. शर्यतीशिवाय दोरा नाही." महोदय, या कडीचा सराव म्हटला की जी पोरे पूर्वी पोट दुखते म्हणून सांगत, ती बांधलेल्या पायांनी अशी सुटली की सेझिम-एजेंनी घड्याळ कानाशी लावून पाहिले. तोक्तोराली-अके शेजारी उभे होते. म्हणाले, "पाय अडकवलेला घोडा छातीनं चालतो. माझा बाप हेच सांगायचा." दोन वर्षांत प्रथमच दोघांचे एकमत झाले. दोघांनाही ते आवडले नाही.

पुढे आज्यांनी रबर अशुभ ठरवून घरी काळापांढरा दोरा वळायला घेतला. लोकर भिजली की गाठ सुटत नाही, त्यामुळे कापणे आता तांत्रिकदृष्ट्याही आवश्यक झाले आहे. पाणी गाळण्याच्या यंत्रात लोकर जाते, ही यंत्रचालकांची तक्रार रास्त आहे. त्यांना एक जोडी मोजे विणून देण्यात आलेले आहेत. पहिल्या येणाऱ्यावर मिठाई उधळतात, ती पाण्यात बुडते, आणि मुले ती काढायला तळाशी जातात. श्वास धरण्याचा याहून चांगला सराव आपण सैन्यातही पाहिला नाही, असे अके म्हणतात. आईच्या चहाच्या थर्मासातला पहिला पेला हल्ली सेझिम-एजेंना जातो. परवा एजेंना सर्दी झाली, तर दोरा कोण बांधणार म्हणून आज्या त्यांच्या घरी जाऊन बसल्या.

८. तेव्हा भांडण मिटले असून तक्रार शिल्लक आहे. मी आईला म्हटले, आता मागे घे. ती म्हणाली, "मी काय थुंकलेलं चाटू? बुबुसाराची सही आहे, शारिपाची आहे. त्या म्हणतील, कालिचा फिरली." बुबुसारा अपांना विचारले, त्या म्हणाल्या, कालिचा काय म्हणेल? शारिपा अपांनी तर भाच्याचे शिक्षण वाया जाईल असे सांगितले. सबब, सुनावणी झालीच तर माझी आई डोक्याला पांढरा रुमाल बांधून येईल आणि जे लिहिले आहे ते शब्दन् शब्द पुन्हा सांगेल.

मग मी सेझिम-एजेंकडे गेलो. म्हटले, तुम्ही तरी खरे काय ते सांगा. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "चार माणसांत अपांना खोटं पाडू? मला नाही जमणार. त्या जे म्हणतील त्याला मी हो म्हणेन." तोक्तोराली-अकेंना साक्षीला बोलवावे म्हटले, तर ते म्हणाले, "मला नको बोलावू. मी खरं सांगेन, आणि मग मला चहा कोण देईल?"

म्हणजे शुक्रवारी वडीलधारी बाई शब्द फिरवणार नाही, धाकटी तिला उलटून बोलणार नाही, आणि दोघी मिळून एकमेकींच्या आदरापोटी ती नोकरी घालवतील. त्यानंतर दोघी एकाच टॅक्सीने घरी जातील. क्लबात फक्त अके उरतील, आणि ते स्वतःच मला म्हणाले, "हिला घालवलीत तर पोरांना कोट घालून फिरवण्यापलीकडे मी काय करणार? पाण्यात वेग काढायचा तर हात पाहिजेत. हात तिलाच कळतात."

९. आपण तक्रार फेटाळावी, अशी विनंती करण्याचा माझा विचार होता. परंतु तक्रारीवरील तिसरी सही, बुबुसारा अपांची, ही आपल्या मातोश्रींची आहे. फेटाळणाऱ्यास संध्याकाळी त्याच घरी जेवायला बसायचे आहे, याची मला जाणीव आहे. मी त्याच परिस्थितीत हा अर्ज लिहीत आहे.

आणखी एक गोष्ट आपणांस कोणी सांगितली नसावी असे वाटते, कारण कामामुळे आपले तलावावर येणे होत नाही. आपली मुलगी मेरिम. तिचा डावा पाय जन्मापासून थोडा आखूड असल्याने पाय मारण्यात ती मागे पडते आणि बहुतेकदा शेवटची येते. ती कुरकूर करीत नाही, पण काठाला लागली की पोहण्याचा चष्मा बराच वेळ काढत नाही. मागच्या बुधवारी दोरा बांधून पोरे सोडली. बांधलेले पाय सगळ्यांचे सारखेच. सेझिम-एजेंनी गेले वर्षभर तिच्या हातांवर काय मेहनत घेतली होती ते त्या दिवशी दिसले. मेरिम पहिली आली, आणि माझ्या बेगायिमला चांगलेच मागे टाकून आली. आपल्या मातोश्रींनी माझ्या आईच्या हातातून चाकू घेतला, म्हणाल्या, "हिचा मी कापणार," आणि बराच वेळ त्यांना गाठ सापडेना. अके छताकडे बघत होते. एजेंनी विनाकारण शिट्टी वाजवली.

१०. तरी विनंती अशी की :

(अ) शुक्रवारची सुनावणी घेऊ नये.

(आ) तक्रार फेटाळू नये आणि मंजूरही करू नये. ती गहाळ करावी. हे काम आपल्या कार्यालयाच्या आवाक्याबाहेरचे नाही. तलावाच्या बॉयलरबाबत आम्ही तीन वेळा अर्ज केले आणि तिन्ही वेळा कोणाचाही दोष नसताना ते गहाळ झाले. तेच कौशल्य या एका तक्रारीसाठी हेतुपुरस्सर वापरावे. कागद हरवला तर कोणाचाच शब्द फिरत नाही. आज्या कार्यालयाला यथेच्छ नावे ठेवतील, आणि त्याने त्यांना बरेच वाटेल.

(इ) चुकून तक्रार जागेवर राहून हा अर्जच गहाळ होऊ नये, यासाठी दोन्ही एकाच फाइलीत ठेवून ती फाइल गहाळ करावी. यात आईविषयी मी जे लिहिले आहे ते तिच्या कानी जाऊ नये, हाही त्यातला एक हेतू आहे.

(ई) शुक्रवारी सुनावणीसाठी राखलेला वेळ मोकळा झाल्यास तलावावर यावे. त्याच वेळी मुलांचा दोऱ्याचा सराव असतो. बूट बाहेर काढावे लागतात; आज्यांखेरीज सर्वांना.

आपल्या उत्तराची वाट न पाहणारा,

एर्मेक जुमालिएव
अध्यक्ष, पालक समिती, 'चबाक' बाल जलतरण क्लब

सारी-ताल, दि. ११ नोव्हेंबर

सोबत :
१) कापलेल्या रबरी कड्या, एक पिशवी.
२) काळापांढरा लोकरी दोरा, एक, कापलेला. मेरिमच्या पायातला. हा गहाळ करू नये.