बांगडी कुठं अडते

माय, तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी तुझ्यापेक्षा म्हातारी झाले, तरी राग जात नाही. काल सून वजनकाट्यावर चढली आणि काटा थोडा उतरला म्हणून हरखून गेली. "पाहा ना आई, बांगड्याही सैल झाल्या," म्हणत तिनं हात माझ्यापुढे धरला. मी भरल्या ताटावरून उठले. बिचारीला कळेना, आपलं काय चुकलं. तिला सांगणार तरी काय?

आपल्या गावात तेव्हा माणूस तोलायचा काटा कुठं होता? संक्रांतीच्या आधी कासारीण ओट्यावर येऊन बसायची. कापूस वेचून तुझा हात राठ आणि रुंद झालेला, साबण लावल्याशिवाय बांगडी चढत नसे. फुटली की तू कासारणीलाच शिव्या द्यायचीस. त्या वर्षी मात्र एक माप लहान बांगडी सरसर आत गेली. कासारीण म्हणाली, "काय हात मऊ पडला वो बाई तुमचा, नव्या नवरीवानी." सगळ्या बाया हसल्या, तू लाजलीस, मीही हसले. बांगडी सहज चढली की हात नाजूक, एवढंच आपल्याला ठाऊक. दिवाळीपासून तू खोकत होतीस आणि आम्ही बसलो होतो तुझ्या हाताचं कौतुक करत.

होळीपर्यंत त्या लहान मापाच्या बांगड्याही गळून पडायला लागल्या. त्यांना तू चिंध्या गुंडाळल्यास. तेव्हा कुठं बाबांनी तुला यवतमाळला डॉक्टरकडे नेलं. क्षय निघाला. सुया सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं तर वजन वाढेल, दर खेपेला सांगत जा. वजन करायचं कुठं? कापसाच्या व्यापाऱ्याकडे मोठा काटा होता. बाबांनी नुसतं नाव काढलं तर तू उसळलीस, "मी काय कापसाचं बोचकं हाओ? मेली तरी त्या पारड्यात बसत नाही."

मग मीच माप शोधलं. सकाळी तू तोंड धुतलंस की मी तुझा हात वर धरायची, चिंध्या सोडायची आणि बांगड्या कोपराकडे सरकवायची. तुझ्या हातावर गोंदलेलं तुळशीवृंदावन, त्याच्या वर विंचू. वृंदावनाच्या खाली, मनगटाकडेच अडली तर बरं, वर कोपराकडे गेली तर वाईट. ती वृंदावन ओलांडते. मग विंचवाला टेकते. मी श्वास धरून पाहतेय आणि तू माझीच थट्टा करतेस, "कुठवर आली गाडी? कळंब गेलं का? आता यवतमाळ येतेच पाह्य." मला अशी चीड यायची. तुला जगायचं आहे की नाही, असं तोंडावर विचारावंसं वाटायचं.

वैशाखात एका सकाळी बांगडी मनगटावरून हललीच नाही. मी पुन्हा सरकवली, हलेना. "बाबा, माय भरून आली," असं मी अंगणातूनच ओरडले. बाबा त्याच पावली कळंबला चिंतामणीला नारळ फोडायला गेले. तुझे गाल वर आले होते, पावलं गुबगुबीत झाली होती. शेजारची काकू म्हणाली, "मूठभर मास चढलं वो." तू आमरस मागितलास. मी तुझी वेणी घालत असताना माझ्या लग्नात कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हे तू ठरवत होतीस. भांडकुदळ आत्याला नाहीच म्हणालीस. आठ दिवस घरात नुसतं हसणं होतं.

पुढच्या खेपेला बाबा शेतावर होते, म्हणून मीच तुला यवतमाळला नेलं. बांगड्यांचं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. डॉक्टरांनी तुझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा तसाच राहिला. मला बाहेर घेऊन म्हणाले, "हे मांस नाही बाळ, पाणी आहे. आता घरीच ठेवा." परतीच्या एस्टीत तू विचारलंस, "काय म्हने डाक्टर?"

"बरं हाये म्हने."

"मंग काहून रडून राह्यली?"

"धूळ गेली डोळ्यात."

तू माझ्या अंगावरून वाकून, त्या फुगलेल्या हातानं, माझ्या बाजूची खिडकी ओढून घेतलीस. तुला कळलं होतं का माय? एवढं एक सांगून गेली असतीस तर मी इतकी वर्षं चिडले नसते. पेरणीच्या आत तू गेलीस. तेव्हापासून घरात कोणी अंगानं भरलं की मी गुपचूप नडगी दाबून पाहते. नातवंडं हसतात. मला अजून कोणाचं बाळसं खरं वाटत नाही, आणि आता या वयात वाटणारही नाही.

हे लिहून धाडणार कुठं? घडी करून उशाखाली ठेवीन, नाहीतर चुलीत घालीन. एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही. तुझा चेहरा आठवायला गेले की दुखण्याआधीची तू येतच नाहीस. येते ती सुजलेली, आमरस खाणारी. ते सारं पाणी होतं हे ठाऊक असूनही मला तू तशीच पाहिजेस.